पाच ओंजळी माती

आमच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. सगळी शाळा त्यांना तराजूकाका म्हणते. मी म्हणत नाही. बावीस वर्षं मी नुसत्या 'अहो'वर भागवलंय. अहो, बीकर आणता का, अहो, खिडकी लावता का. का म्हणून विचाराल, तर खोटं कशाला बोलू, त्या माणसाचा मला हेवा वाटतो. आजकाल वाटायला लागला असंही नाही, नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून वाटतो. मी एम.एस्सी., पहिला वर्ग, शाळेतली एकुलती एक विज्ञानाची बाई. ते दहावी पास, तेही दुसऱ्या खेपेला. आणि शाळा सोडून गेलेली पोरं दहा वर्षांनी भेटायला आली की तडक लॅबमध्ये जातात. शिक्षकांच्या खोलीत डोकावतात ती जाता जाता, 'बाई, ओळखलंत का' म्हणायला. ओळखते की. मला त्यांचे गुणसुद्धा आठवतात. पण त्याचं कुणाला काय पडलंय!

त्यांची सगळी माहिती मला आहे. आपण ज्याच्यावर जळतो त्याची माहिती आपल्याकडे बरोबर जमा होते, विचारावी लागत नाही. त्यांचे वडील एका गोदामात पोती तोलायचे. तोलणाऱ्याचं बोट हळूच काट्याला लागलं की किलो-दोन किलो इकडचं तिकडे व्हायचं, आणि मालकाला तसंच हवं होतं. वडिलांनी बोट लावलं नाही, म्हणून त्यांना घरी बसवलं. हे एकोणिसाव्या वर्षी रंगारी झाले आणि आमच्या लॅबच्या भिंती रंगवायला आले. तेव्हाचे विज्ञानाचे सर दोन पारड्यांचा जुना तराजू जुळवत बसले होते आणि काटा काही केल्या मध्यावर येईना. ह्यांनी शिडीवरूनच सांगितलं, सर, तराजू बरोबर आहे, टेबल कलतंय. खाली उतरून टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवली, काटा मध्यावर. सरांनी मुख्याध्यापकांच्या मागे लागून त्यांना लॅबमध्ये ठेवून घेतलं. त्याला आता एकोणचाळीस वर्षं होतील.

घरी बायको, ती शिवणकाम करते. मूलबाळ नाही. शर्टाच्या खिशात दोनशे ग्रॅमचं एक पितळी वजन कायम असतं. भाजी घ्यायची झाली की आधी ते वजन भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा, मग वांगी. भाजीवाले त्यांना लांबून बघूनच काटा पुसायला घेतात. त्यांच्या बायकोनं एकदा मला सांगितलं, ती गिऱ्हाइकाचं माप घेते तेव्हा हे शेजारी बसून म्हणतात, फीत ढिली धरलीस, परत घे. बाईमाणसाचं माप घेत असली की तिला त्यांना उठवून बाहेर पाठवावं लागतं. मी खूप हसले होते. मनात म्हटलं, बरी सापडलीय ह्यांची खोड. चार जणांना सांगितलीही. तर ती ऐकून लोकांचं त्यांच्यावरचं प्रेम आणखी वाढलं.

माझी लेक सातवीत होती तेव्हाची गोष्ट. मी वर्गात पदार्थाच्या अवस्था शिकवत होते. फळ्यावर तीन रकाने, घन, द्रव, वायू, खाली मुद्दे. मुलं लिहून घेत होती, म्हणजे मागच्या बाकावरची झोपली होती. मी ह्यांना फक्त बर्फ आणायला सांगितलं होतं. ह्यांनी बर्फाचे खडे एका बाटलीत घातले, झाकण घट्ट लावलं, बाटली बाहेरून पुसून काट्यावर ठेवली, आणि वजनाचा आकडा माझ्याच फळ्यावर, माझ्याच तिसऱ्या रकान्यात लिहिला. मग मुलांना विचारलं, बर्फाचं पाणी झाल्यावर वजन वाढेल, घटेल, का तेवढंच राहील? करा हात वर. झालं. झोपलेलीसुद्धा उठली. अर्धा तास सगळा वर्ग त्या बाटलीकडे डोळे लावून बसला. मधे दोनदा त्यांनी बाटलीवर जमलेलं दव पुसून काढलं, का तर ते हवेतलं पाणी बाहेरून आलेलं, ते आपल्या मोजणीत नको. शेवटी बाटली काट्यावर ठेवली, तर आकडा तोच. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तासाला टाळ्या, आणि मी खडू हातात घेऊन खिडकीपाशी उभी. टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिल्या बाकावर माझी लेक होती.

त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर ते रोज येऊन बसायला लागले म्हणा ना. काका म्हणाले, वस्तू दिसेनाशी झाली म्हणजे संपली नाही, ती कुठेतरी गेलीय, आपण शोधायची. काका म्हणाले, हवेलाही वजन असतं, आणि त्यांनी फुटबॉलमध्ये हवा भरायच्या आधी आणि नंतर वजन करून दाखवलं, नऊ ग्रॅम वाढलं. मी म्हणायचे, हे पुस्तकात आहे, पान बेचाळीस. ती म्हणायची, हो ग आई, पण काकांनी दाखवलं. माझा नवरा तर मुद्दाम विचारायचा, काय, आज काय म्हणाले तुझे काका? एकदा मी त्याच्यावर अशी ताडकन बोलले की दोन दिवस घरात कुणी जेवताना तोंड उघडलं नाही.

फुटबॉलच्या त्या प्रयोगानंतरच माझ्या लेकीनं त्यांना प्रश्न विचारला, की एवढ्याशा बीचं एवढं मोठं झाड होतं, तर एवढं लाकूड येतं कुठून? मला नाही विचारलं. मी शेजारीच वह्या तपासत होते. बाकीची पोरं ओरडली, मातीतून, मातीतून! झाड माती खातं! मी तोंड उघडणार एवढ्यात हे म्हणाले, मोजू या.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, अहो, ह्यात मोजायचं काय आहे? पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, मुळं पाणी घेतात, उजेडाच्या जोरावर त्याची साखर होते, साखरेचंच पुढे लाकूड होतं, मातीतून जातात ते चिमूटभर क्षार. पुस्तकात चक्क आकृती आहे. ते म्हणाले, "ज्यानं पुस्तकात लिहिलं त्यानंही कधीतरी मोजलंच असेल ना, बाई." अगदी साधेपणानं म्हणाले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

त्यांनी लॅबच्या ओव्हनमध्ये घमेलं-घमेलं करून माती कोरडी केली, दोन-दोन किलोच्या दहा ताटल्यांनी मोजून बरोब्बर वीस किलो एका प्लास्टिकच्या टबमध्ये भरली, आणि त्यात तुतीची अडतीस ग्रॅमची एक काडी लावली. वरून पत्र्याचं झाकण, मधून काडी बाहेर, म्हणजे धूळ आत पडायला नको. पाणी द्यायचं ते वाफ थंड करून केलेलं नाहीतर गाळलेलं पावसाचं. लॅबच्या दारावर कागद चिकटवला: 'झाडाचं लाकूड मातीतून येत नाही. तीन वर्षांनी मोजून दाखवू.' खाली सही. तीन वर्षांनी ते निवृत्त होणार होते, सगळ्यांना माहीत होतं. मुख्याध्यापक म्हणाले, काका, जाता जाता शब्द खरा करून जायचा बरं का. ते म्हणाले, शब्द काय करायचाय सर, काटा जे सांगेल ते.

त्या टबची नोंदवही माझ्या लेकीकडे आली. तीन वर्षं तिनं ती ठेवली. गळालेलं पान न् पान पिशवीत गोळा केलं. दुसऱ्या वर्षी झाडाला अकरा तुत्या लागल्या, त्या वजन करून मगच खाल्ल्या, त्याचीही नोंद. सुट्टीत गावाला जायचं तर हिचं आपलं एकच, झाडाला पाणी कोण घालणार? मी म्हणायचे, तुझ्या आईची तब्येत कशी आहे हे कधी विचारलंस का एवढ्या काळजीनं? ती म्हणायची, तू काय ग आई, काहीतरीच. झाड हडकुळंच राहिलं, व्हरांड्यातल्या उजेडावर किती वाढणार, पण राहिलं.

यंदा ती दहावीला. ठरल्याप्रमाणे झाड टबातून उपटलं, मुळं ब्रशनं झाडून-झाडून मातीचा कण न् कण टबात पाडला, आणि माती शाळेच्या गच्चीवर पत्र्यांवर पसरून वाळत घातली. वर मच्छरदाणीचं कापड, चारी कडांना विटा. आठ दिवस ऊन देऊन मग ओव्हन, मग शनिवारी सगळ्यांसमोर वजन.

आठव्या दिवशी मधल्या सुट्टीत भाषेच्या बाई माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, तुमच्या लेकीनं काय सुंदर निबंध लिहिलाय हो, वाचूनच दाखवते. विषय होता, मला घडवणारी व्यक्ती. मी केस सारखे केले. खरंच सांगते, पदरही नीट केला. खोलीत सात-आठ शिक्षक होते. बाईंनी पहिलं वाक्य वाचलं: 'मला विचार करायला तराजूकाकांनी शिकवलं.' पुढे अडीच पानं. त्या अडीच पानांत मी एकदाच आले: 'माझी आई त्याच शाळेत शिक्षिका आहे.'

मी हसले. छान लिहिलंय म्हणाले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तिला ताप आला तेव्हा रात्र रात्र कोण बसलं होतं? पाढे कुणी पाठ करून घेतले? पेन्सिल हातात धरायला कुणी शिकवलं? त्याच शाळेत शिक्षिका आहे! शेजाऱ्यांबद्दलही कुणी असं लिहीत नाही.

शेवटच्या तासाला मला वर्ग नव्हता. मी गच्चीवर गेले. वीट सरकवली, कापड उचललं आणि ओंजळ भरून माती घेऊन कठड्यावरून मागच्या मोकळ्या जागेत टाकली. मग परत एक. पाच ओंजळी टाकल्या. पाच का, ते मला सांगता येणार नाही. पाचवीनंतर धाप लागली एवढं आठवतं. माती हातानं सारखी केली, कापड ओढलं, वीट जागेवर ठेवली, नळाखाली हात धुतले. एकच हवं होतं मला, एकदा, निदान एकदा त्या माणसाचं सगळ्यांसमोर चुकावं.

शनिवारी लॅब खच्चून भरली होती. दहावीचा वर्ग, मुख्याध्यापक, दोन-चार पालक, ह्यांची बायको नवी साडी नेसून कोपऱ्यात. माझी लेक वही घेऊन काट्यापाशी. आधी झाड मोजलं. खोड, मुळं, पानांची पिशवी, नोंदीतल्या अकरा तुत्या, सगळं मिळून दोन किलो चारशे अठरा. काडीचे अडतीस वजा केले, वाढ दोन किलो तीनशे ऐंशी. मग माती. ताटल्या एकामागून एक काट्यावर चढल्या. आठ ताटल्या भरल्या, नववी भरत आली तोच टब रिकामा झाला. दहावी ताटली तशीच राहिली. ह्यांनी टब उलटा करून ठोकला. लेकीनं बेरीज केली, पुन्हा केली. सतरा किलो आठशे साठ. घट दोन किलो एकशे चाळीस.

झाडाची वाढ सव्वादोन किलोच्या वर, मातीची घट सव्वादोनच्या जराशी खाली. मी काही हिशोब करून ओंजळी टाकल्या नव्हत्या हो. पण आकडे असे जुळले की कुणीही म्हणावं, झाडानं माती खाल्ली आणि त्याचंच लाकूड झालं. ह्यांनी तीनदा वजन केलं. खिशातलं पितळी वजन ठेवून काटाही तपासला. बरोबर होता. पत्रे बघून आले, कापड उजेडात धरून पाहिलं, कुठे भोक नाही. मुख्याध्यापक गमतीनं म्हणाले, कुणी चोरली की काय? आणि सगळे हसले, माती कोण चोरणार! ह्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "काटा सांगतो ते खरं. मी तीन वर्षं पोरांना चुकीचं सांगत होतो."

दारावरचा कागद त्यांनी स्वतः काढला. बायको त्यांच्याकडे बघत होती, ते तिच्याकडे बघत नव्हते. आणि मी? मला बरं वाटलं. लपवून काय उपयोग, त्या दुपारी मला चांगलं पोटभर बरं वाटलं. घरी जाताना लेकीला आवडतं ते आइस्क्रीम घेतलं. तिनं फ्रीजमध्ये ठेवलं आणि झोपायला गेली. ते अजून तसंच आहे.

सोमवारी हे पाचवीच्या वर्गावर गेले. मी पलीकडच्या वर्गात होते, मला सगळं ऐकू येत होतं. ते मुलांना सांगत होते की मी तुम्हाला झाड हवेतून लाकूड करतं असं सांगितलं होतं, ते माझं चुकलं, तुम्ही वहीत दुरुस्ती करून घ्या. मग सहावीवर गेले. मग सातवीच्या दोन्ही तुकड्या. पाचवी ते दहावी आमचे नऊ वर्ग आहेत, दोन दिवसांत नऊच्या नऊ वर्गांत जाऊन त्यांनी आपली चूक सांगितली. कुणी सांगितलं होतं? मुख्याध्यापक म्हणाले, काका, असू द्या हो. ते म्हणाले, नाही सर, मी सांगितलेलं पोरं खरं धरतात.

झालं, सगळी शाळा माती खायला लागली. मी आठवीला प्रकाशसंश्लेषण शिकवायला घेतलं, तर एक मुलगी उठून म्हणाली, पण बाई, मोजलंय ना. मी आकृती काढली. त्यांनी आकृती उतरवून घेतली आणि खाली लिहिलं, 'आपल्या शाळेत मात्र वेगळं आलं.' घरी जेवणाच्या टेबलावर 'काका म्हणाले' बंद झालं. मला हेच हवं होतं ना? पण त्या जागी 'आई म्हणाली' काही आलं नाही. लेक जेवायची आणि उठायची. मी एकदा आपणहून विषय काढला, की अग, पुस्तकातलंच बरोबर आहे. ती म्हणाली, मग आमच्या हातानं कुठे चुकलं ते सांग. मी भाजी वाढायला घेतली.

मागच्या आठवड्यात दहावीची चाचणी झाली. विज्ञानाचे पेपर मीच तपासते, दुसरं आहे कोण. प्रश्न तिसरा: झाडाच्या शरीरातील पदार्थ मुख्यतः कोठून येतो? माझ्या लेकीनं लिहिलं होतं: 'मातीतून. पुस्तकात हवा आणि पाणी असे दिले आहे. पण मी तीन वर्षे नोंदी ठेवल्या आणि वजन स्वतः केले. मला ह्या उत्तराचे गुण मिळणार नाहीत हे माहीत आहे. पण मी जे पाहिले नाही ते कसे लिहू?'

चार गुणांचा प्रश्न होता. लाल पेन हातात घेऊन मी किती वेळ बसले होते कोण जाणे. शाळेचा शिपाई येऊन पंखा बंद करून गेला, त्याला वाटलं खोलीत कुणी नाही. शून्य द्यावं तर पोरगी खरं बोलल्याबद्दल शून्य. चार द्यावेत तर चुकीला चार. आणि ते चुकीचं तिच्या डोक्यात मीच ओंजळीनं भरलेलं. मी पेपर घेतला आणि लॅबमध्ये गेले.

ते दोघं तिथेच होते. निवृत्तीला सहा दिवस राहिले होते, सामानाची यादी जुळवणं चाललं होतं. ते परीक्षानळ्या मोजत होते, लेक लिहून घेत होती. मी दार लावून घेतलं.

"गच्चीवरची माती मी काढली," मी म्हटलं. "मी टाकून दिली."

लेकीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्याबद्दल मी लिहिणार नाही. मी वाट बघत होते ती त्यांच्या बोलण्याची. ओरडतील, रडतील, का म्हणून विचारतील. 'का'चं उत्तरही मी तयार ठेवलं होतं, की तुमच्यावर जळते म्हणून, माझी पोरगी तुम्ही पळवलीत म्हणून. त्यांनी हातातली परीक्षानळी स्टँडला लावली. कपाटातून टबची नोंदवही काढली, पेन्सिल घेतली आणि विचारलं, "किती काढलीत?"

मी म्हटलं, पाच ओंजळी.

"ओंजळी नको बाई. ग्रॅम सांगा."

बावीस वर्षं मी पोरांच्या कानीकपाळी ओरडतेय की न मोजता लॅबमधली कुठलीही वस्तू उचलायची नाही, चिमूटभर मीठ घेतलंत तरी मोजून घ्या. मी सांगितलं, मोजली नाही. त्यांनी मग कुठला दिवस, किती वाजता, ओव्हनच्या आधी की नंतर, असं सगळं विचारलं. का ते नाही विचारलं. आठव्या दिवशी म्हटल्यावर मान हलवली, म्हणजे वाळत आलेली होती. मग तीच माती त्यांनी टबातून पत्र्यावर पसरली, शेजारी काटा ठेवला, ताटली ठेवली, आणि मला म्हणाले, तशीच काढा. त्या दिवशी काढलीत तशी. दहा वेळा काढा, सरासरी घेऊ.

मी काढली. पहिली ओंजळ ताटलीत टाकली, चारशे दोन. लेकीनं लिहिलं. ते म्हणाले, त्या दिवशी घाईत असाल, जरा जास्त भरली असेल, घाईत होतात तशी काढा. दुसरी, चारशे एकतीस. बोटांतून माती गळत होती. ते म्हणाले, गळू द्या, त्या दिवशीही गळली असेल. तिसरी. चौथी. पाचवीला मला रडू फुटलं. मला वाटलं, आता पुरे म्हणतील. त्यांनी काटा शून्यावर आणला आणि थांबून राहिले. माझ्या पोटच्या पोरीसमोर मी तीच चोरी दहा वेळा केली, आणि तिनं दहाही वेळा आकडा लिहिला, माझ्याकडे न बघता.

सरासरी चारशे एकोणीस आली. पाचानं गुणून दोन हजार पंच्याण्णव. त्यांनी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'एकूण घट २१४० ग्रॅम. पैकी बाईंनी काढलेल्या पाच ओंजळी, दहा वेळांच्या सरासरीने, २०९५ ग्रॅम. उरलेली घट ४५ ग्रॅम.' खाली त्यांनी सही केली, लेकीनं केली, आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. मीही केली. लेक त्या पंचेचाळीस ग्रॅमकडे बघत होती. मग तिनं त्यांच्याकडे बघितलं, आणि दोघं हसले. अहो, हसले! मी मातीचे हात घेऊन शेजारी उभी, डोळ्यांना धार लागलेली, आणि तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की माझ्याकडे बघून ती अशी कधी हसली नाही.

मी विचारलं, आता मुख्याध्यापकांना सांगणार का? ते म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा. पण वर्गांना सांगावं लागेल. मी विचारलं, कोण सांगणार?

"माझं चुकलं होतं ते मी सांगून आलो, बाई. हे तुमचं आहे."

परवापासून मी जातेय. पाचवीपासून सुरुवात केली. वर्गापुढे उभी राहते, सांगते की तराजूकाकांचा प्रयोग बरोबर होता, माती मी टाकून दिली होती, म्हणून वजन चुकलं, वहीत दुरुस्ती करून घ्या. हो, तराजूकाकाच म्हणते, दुसरं काय म्हणणार वर्गात. का टाकलीत, असं पाचवीतल्या एकानं विचारलं, मी सांगितलं, मला त्यांचा हेवा वाटतो म्हणून. त्याला ते लगेच समजलं. मग कुणीतरी विचारतं, म्हणजे काका बरोबर होते? मी हो म्हणते, की सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. प्रत्येक वर्गात. आणि प्रत्येक वर्गात मला जळायला होतं, अजूनही.

आठ वर्ग झाले. दहावीचा राहिलाय, तो उद्या पहिल्या तासाला. लेकीनं आज जेवताना एवढंच विचारलं, उद्या आमच्याकडे येणार ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मी पहिल्या बाकावरच बसेन.